मतदार जास्त, माणसं कमी

एक कोडं घालतो. एका शहराची लोकसंख्या आहे ३४ लाख ८१ हजार. त्याच शहरात मतदार आहेत साधारण साडेपस्तीस लाख. लहान मुलं त्यात धरलेली नाहीत बरं का. कसं काय?

कोडं कसलं, हे आपलं पुणं आहे. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची जी निवडणूक झाली (एकदाची झाली!), तिची मतदार यादी ताजी होती, पण प्रभाग पाडले होते २०११ च्या जनगणनेवर. कायदा म्हणतो शेवटची प्रसिद्ध झालेली जनगणना घ्या. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली, ती होणार २०२७ ला. म्हणून मग २०११. तेव्हा अर्ध्या लोकांच्या खिशात नोकियाचा फोन होता आणि हिंजवडीची मेट्रो कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, आकडे जुने तर सगळ्यांचेच जुने, फरक काय पडतो? सगळं शहर सारखंच वाढलं असतं तर खरंच काही पडला नसता. पण शहर असं कणकेच्या गोळ्यासारखं सगळीकडून एकसारखं फुगत नाही. पेठांमधे माणसं वाढायला जागाच नाही. तिथली पोरं लग्न झालं की वाकड नाहीतर बावधनला जातात, मागे आई-वडील आणि कुलूप लावलेली माडी. वाघोली, उंड्री, मांजरी, नऱ्हे, म्हाळुंगे इथे २०११ साली जिथे ज्वारी होती तिथे आज बारा बारा मजली टॉवर आहेत. तेव्हा जनगणनेवाल्यांनी त्या शेतात किती माणसं मोजली असतील? वॉचमन धरून चार. आज त्या टॉवरमधल्या लोकांना 'समान' प्रतिनिधित्व मिळतंय ते त्या चार माणसांच्या हिशेबानं.

आणि गंमत बघा, नियम किती काटेकोर आहे. एकूण लोकसंख्या भागिले नगरसेवकांची संख्या, गुणिले प्रभागातले सदस्य. म्हणजे पुण्याला चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी येते ८४,३९६. त्यात दहा टक्के इकडे-तिकडे चालेल, म्हणजे कमीत कमी ७५,९५७ आणि जास्तीत जास्त ९२,८३६. एका माणसापर्यंत अचूक! पंधरा वर्षं शिळ्या डेटावर. आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधे एक सर होते, ते अशा कामाला 'व्हर्नियरनं शेण मोजणं' म्हणायचे.

बरं, नगरसेवक किती हे कोण ठरवतं? त्याचा एक स्लॅब आहे, इन्कम टॅक्ससारखा. महापालिका कायद्यात तीस लाखांपर्यंतच्या शहराला १६१ नगरसेवक. त्यापुढे मात्र दर एक लाखामागे फक्त एक. २०१७ ला पुण्याची लोकसंख्या धरली होती ३१ लाख २४ हजार, नगरसेवक १६२. मग गावं आली. ऑक्टोबर २०१७ मधे ११, जून २०२१ मधे २३, त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर परत बाहेर. या गावांची मिळून २०११ च्या हिशेबानंसुद्धा साडेतीन लाख माणसं वाढली. नगरसेवक वाढले तीन! आधी एका नगरसेवकामागे १९ हजार माणसं होती, आता कागदावर २१ हजार, आणि खरी किती ते देव जाणे. (मुंबईकरांनी हसू नये. तुमच्याकडे २०११ च्याच आकड्यांनी एका नगरसेवकामागे ५५ हजारांच्या आसपास माणसं आहेत.)

त्या २३ गावांची तर कमाल आहे. ३० जून २०२१ ला ती महापालिकेत आली, त्याबरोबर त्यांच्या ग्रामपंचायती संपल्या. सरपंच गेला. नगरसेवक येणार पुढच्या निवडणुकीत. महापालिकेची मुदत संपली १४ मार्च २०२२ ला आणि पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६ ला. म्हणजे साडेचार वर्षं या लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस गावात नाही आणि पालिकेतही नाही. बाकीच्या पुण्यालाही पावणेचार वर्षांच्या वर प्रशासकच होता, पण निदान 'माजी' तरी होते फोन करायला. माझा एक मित्र तिकडेच राहतो. त्याला टँकरचा विषय काढून विचारलं,

"अरे, तुमच्याकडे कोणाला सांगतात हे?"

"बिल्डरला."

"आणि बिल्डर?"

"तो म्हणतो पालिकेला सांगा."

"मग पालिकेत कोणाला?"

"ते तू सांग ना, तू एवढं वाचतोस."

घटनेत कलम २४३-यू आहे. पालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असं त्यात स्वच्छ लिहिलंय. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीतलं हे कलम. तरी असं झालं, कारण ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेचा घोळ. सर्वोच्च न्यायालयानं ४ मे २०२२ ला सांगितलं निवडणुका घ्या. परत ६ मे २०२५ ला सांगितलं, चार महिन्यांत घ्या. मग मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६. आमच्या प्रोजेक्टच्या डेडलाईन याच्यापेक्षा बऱ्या पाळल्या जातात, आणि मी सर्व्हिस कंपनीत आहे.

ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नात मी इथे शिरत नाही, तो मोठा आणि खरा प्रश्न आहे. पण प्रभागांचा घोळ हा शंभर टक्के हातानं केलेला आहे. जरा क्रम बघा. पुण्यात २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग. २००७ ला एकाचा वॉर्ड. २०१२ ला दोघांचा प्रभाग. २०१७ ला चौघांचा. मग सरकार बदललं, त्यांनी परत एकाचा वॉर्ड करायचा कायदा केला, मग विचार बदलला आणि तिघांचे प्रभाग पाडले, ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवक. रचना जाहीर झाली, हरकती झाल्या, इच्छुकांनी फ्लेक्स लावले, तेवढ्यात सरकार परत बदललं आणि ऑगस्ट २०२२ मधे ते सगळं रद्द. शेवटी २०२५ ला परत चौघांचे, ४१ प्रभाग. त्यातला ३८ नंबरचा तर पाच जणांचा, कारण १६५ ला चारनं भाग जात नाही! एकामागून एक सहा रचना, आणि लागोपाठच्या कुठल्याही दोन सारख्या नाहीत. यात कोणा एका पक्षाचं नाव घ्यायचं कारणच नाही. काँग्रेस-राष्ट्रवादीनं केलं, भाजप-शिवसेनेनं केलं, महाविकास आघाडीनं केलं, महायुतीनं केलं. मुंबईला स्वतःचा वेगळा कायदा आहे, १८८८ चा, तिथे एकाचा वॉर्डच राहतो. पण तिथेही २२७ चे २३६ केले आणि परत २२७ केले. म्हणजे हौस भागवायची वाट सापडतेच.

आता हे दोघांचा, तिघांचा, चौघांचा करून मिळतं काय? साधं गणित आहे, कागद घ्या. चौघांच्या प्रभागात जागा असतात अ, ब, क, ड. प्रत्येक मतदार चारही जागांसाठी एकेक मत देतो. समजा पन्नास हजार लोकांनी मतदान केलं. 'क्ष' पक्षाला ४० टक्के, 'य' ला ३०, बाकी विखुरलेली. लोक साधारण एकाच चिन्हावर चारदा बटण दाबतात, त्यामुळे चारही जागा 'क्ष' ला. चाळीस टक्के मतं, शंभर टक्के जागा. आता त्याच प्रभागाचे साडेबारा हजार मतांचे चार वॉर्ड करा. 'य' चा एका वस्तीत जोर आहे, तिथे त्याला साडेसात हजार मतं आहेत. तो तिथे निवडून येतो. निकाल ३-१. मतं तीच, माणसं तीच, बूथसुद्धा तेच. फक्त मधल्या रेघा पुसल्या की ती वस्ती सभागृहातून गायब!

उलटी बाजूही आहे, नाही असं नाही. चार-पाच वॉर्ड मिळून विचार करणारा नगरसेवक गल्लीपलीकडे बघेल, महिला आणि मागासवर्गीय आरक्षण चारांत बसवायला सोपं जातं, वॉर्ड आरक्षित झाला म्हणून कोणाचं काम एकदम वाया जात नाही. पहिला मुद्दा मला भाबडा वाटतो, बाकीचे दोन खरे आहेत. पण चौघांचा प्रभाग म्हणजे ८०-९० हजार माणसं. एवढ्या घरांपर्यंत पोचायला पक्ष लागतो, पैसा लागतो. एखादी शाळेतली बाई किंवा सोसायटीचा सेक्रेटरी स्वतःच्या जिवावर वीस हजारांच्या वॉर्डात उभा राहू शकतो, नव्वद हजारांत नाही. आणि निवडून आल्यावर ड्रेनेज तुंबलं तर चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. काम झालं की चौघांचे फोटो असलेले चार फ्लेक्स. चौघांना एकाच युनिव्हर्सिटी प्रोजेक्टला मार्क दिले की काय होतं हे आपण सगळ्यांनी बी.ई. ला बघितलंय.

प्रभाग प्रत्यक्ष पाडतं कोण, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. मार्च २०२२ पर्यंत हे काम राज्य निवडणूक आयोगाचं होतं. त्या महिन्यात विधिमंडळानं कायदा बदलून ते राज्य सरकारकडे घेतलं. एकमतानं! पेट्रोलपासून पुतळ्यापर्यंत कशावरही भांडणारे सगळे पक्ष या एका गोष्टीवर एकत्र. तेव्हापासून सरकार आदेश काढतं, आयुक्त मसुदा करतात (आयुक्तांची बदली कोण करतं ते तुम्हाला माहीत आहेच), तो नगरविकास खात्याकडे जातो आणि शेवटी आयोगाकडे मंजुरीला. बरं, झालेली रचना चुकीची वाटली तर कोर्टात जावं, तर घटनेचं कलम २४३-झेडजी म्हणतं की याला कोर्टात आव्हान देता येत नाही. त्यामागचा हेतू चांगला होता, नाहीतर प्रत्येक निवडणूक खटल्यातच अडकली असती. पण ज्यानं हे कलम लिहिलं त्यानं रेघा ओढणारा तटस्थ असेल असं धरलं होतं. आता बॅट्समनच अंपायर आहे आणि रिव्ह्यू नाही.

रेघ ओढायचे नियम वाचण्यासारखे आहेत, मला तर वाचताना मजा आली. सुरुवात उत्तरेकडून करायची, मग ईशान्य, मग पूर्व, तिथून पश्चिमेकडे वळत वळत शेवट दक्षिणेला. आम्ही ज्याला झिगझॅग ट्रॅव्हर्सल म्हणतो तेच. हद्द शक्यतो नदी, नाला, टेकडी, मोठा रस्ता, रेल्वेलाईन यावरून जावी. जनगणनेचा प्रगणक गट शक्यतो फोडू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे तुकडे करू नयेत. हे वाचल्यावर आपल्यातल्या कोणाच्याही डोक्यात पहिला विचार येतो, अरे, मग हे कॉम्प्युटरलाच द्या ना! रविवारी दुपारी बसून पायथॉनमधे होईल.

होईल, पण अर्धंच. सारख्या लोकसंख्येचे, सलग, आटोपशीर तुकडे पाडायला कॉम्प्युटर उत्तम आहे. असे लाखो नकाशे तो पाडून देईल, आणि सगळे नियमात बसतील. त्यातला कुठला घ्यायचा, इथे खरी लढाई आहे. नाल्याच्या अलीकडची झोपडपट्टी पलीकडच्या बंगल्यांना जोडायची का शेजारच्या झोपडपट्टीला? पहिल्यात तिचा आवाज बुडतो, दुसऱ्यात तिचा एक माणूस निवडून येतो पण बाकी प्रभागांना तिची गरज उरत नाही. याचं उत्तर कोडमधे नाही. मात्र कॉम्प्युटरचा दुसरा उपयोग आहे आणि तो फार मोठा आहे. सरकारनं पाडलेला नकाशा घ्यायचा, नियमात बसणारे हजारो नकाशे यंत्राला पाडायला लावायचे, आणि मागच्या निवडणुकीची मतं दोन्हीत ओतून बघायची. सरकारचा नकाशा त्या हजारांच्या गर्दीत कुठे बसतो? अगदी टोकाला बसत असेल तर तो योगायोग नसतो. अमेरिकेत कोर्टापुढे असे पुरावे ठेवले गेले आहेत. आपल्याकडे करायचं तर आधी प्रभागांच्या हद्दी आणि प्रगणक गट शेप फाइलमधे मिळायला हवेत. पीडीएफच्या नकाशावर काय डोंबल करणार?

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर अलाबामाची गोष्ट सांगायलाच हवी. या राज्यानं १९०१ साली १९०० च्या जनगणनेवर मतदारसंघ पाडले आणि पुढे साठ वर्षं हात लावला नाही. दरम्यान बर्मिंगहॅम हे पोलादाचं शहर वाढत गेलं. १९६० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेफर्सन काउंटीत सहा लाखांच्या वर लोक आणि त्यांना एक सिनेटर. लाउंडिस नावाच्या काउंटीत १५,४१७ लोक आणि त्यांनाही एक सिनेटर! एका खेड्यातल्या माणसाचं मत शहरातल्या चाळीस माणसांएवढं. कोणी काही लबाडी केली नाही, फक्त काही केलंच नाही. १९६४ मधे 'रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे बंद केलं. रेघा मुद्दाम वाकड्या ओढल्या तर निदान आरडाओरडा होतो. रेघा जागच्या जागी ठेवून माणसं वाढू दिली तर कोणाला कळतही नाही.

आपल्याकडे हे कुठे दिसतं? विधानसभेत बघा. २६ फेब्रुवारी २०२३ ला पुण्यात एकाच दिवशी दोन पोटनिवडणुका झाल्या. कसबा पेठेत मतदार पावणेतीन लाखांच्या आसपास. चिंचवडमधे साडेपाच लाखांच्या वर. दोघांनाही आमदार एकेकच. २०२४ पर्यंत चिंचवड सहा लाखांच्या पुढे गेलं होतं. वाकड, रहाटणी, पिंपळे सौदागर, रावेत, पुनावळे, म्हणजे आपल्यातले निम्मे लोक जिथे ईएमआय भरतात तो सगळा भाग. म्हणजे वाकडला फ्लॅट घेतला की मताची किंमत निम्मी होते, हे कुठल्याही ब्रोशरमधे लिहिलेलं नसतं. कारण विधानसभेचे मतदारसंघ पाडले २००८ ला, तेसुद्धा २००१ च्या जनगणनेवर. हिंजवडी आयटी पार्क भोर मतदारसंघात येतो हे किती जणांना माहीत आहे? राजगड, तोरणा आणि फेज थ्रीचा सिग्नल, सगळ्यांचा आमदार एक. शिवाजी महाराजांनाही एवढं ट्रॅफिक लागलं नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका आहेत, मूळचे वेल्ह्याकडचे. त्यांच्याशी यावर बोललो तर म्हणाले, "तुम्हा शहरवाल्यांना सगळंच पायजे होय? पाणी आमच्या धरणाचं, रस्ते तुमचे, आता आमदार पण तुमचेच?" याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण खोडण्यासारखं नाहीच. डोंगरात विखुरलेल्या वाड्यांच्या आमदाराला फिरायलाच महिना लागतो. पण म्हणून थोडाफार फरक चालेल, दुप्पट नाही. दहा-पंधरा टक्के सूट डोंगराला द्या, मी स्वतः सही करीन. आणि हेही आहे की काकांच्या गावची जी पोरं शहरात आली ती कुठे राहतात? पेठेत नाही. ती आंबेगाव, धायरी, थेरगाव इथेच राहतात, म्हणजे ज्यांची मतं पातळ होतायत त्यात तीच जास्त. हे सांगितल्यावर काका म्हणाले, "मंग बरोबर हाय."

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रभागात किती सदस्य हे एकदा ठरवा आणि ते निवडणुकीच्या आधी दोन वर्षांत बदलता येणार नाही अशी तरतूद करा. माझं मत एकाच्या वॉर्डाला आहे. चौघांचा ठेवायचाच असेल तर मतांच्या प्रमाणात जागा द्या, चाळीस टक्क्यांना चारही जागा नकोत. रेघा ओढायचं काम परत आयोगाकडे जाऊ दे. तीस लाखांनंतरचा तो कंजूष स्लॅब बदला. आणि जनगणना शिळी असेल तर मतदार यादीवरून दुरुस्ती करा, ती दर वर्षी सुधारतातच.

२०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. पुण्याची पुढची निवडणूक वेळेवर झाली तर २०३१ च्या सुरुवातीला येईल, तोपर्यंत नवे आकडे हातात असतील. मसुदा लागतो तेव्हा हरकतींना थोडेच दिवस मिळतात आणि त्या दिवसांत आपण सगळे रिलीजमधे अडकलेले असतो. मागच्या खेपेला हरकती घेणाऱ्यांत इच्छुक उमेदवार आणि त्यांचे कार्यकर्तेच जास्त दिसत होते. साधं पत्र चालतं, वकील लागत नाही. प्रभाग क्रमांक, कुठली हद्द, कुठला नियम मोडला, एवढं लिहायचं आणि पोच घ्यायची.